शीर सापडत नाही तेव्हा: व्हेन फाइंडर वापरणाऱ्या सिस्टरांसाठी थोडं सविस्तर

डेमोला गेलो की पहिला प्रश्न हाच येतो, या व्हेन फाइंडरने, म्हणजे कातडीखालची शीर दाखवणाऱ्या मशीनने, एका प्रिकमध्ये सलाईन लागेलच ना? आम्ही मशीन विकतो तरी सरळ सांगतो, तशी गॅरंटी नाही. मशीन शीर दाखवतं, सुई हातानेच जाते. ज्याची शीर डोळ्याला दिसतेय आणि बोटाला लागतेय तिथे अनुभवी सिस्टरला याने फारसा फरक पडत नाही, आणि यावर जे अभ्यास झालेत त्यांचे निकालही एकसारखे नाहीत. पण दहा महिन्यांचं गुटगुटीत बाळ, जुलाब-उलट्यांनी सुकलेलं पोर, केमोचे चार-पाच सायकल झालेल्या मावशी, किंवा सिकलसेलचा (रक्ताचा आनुवंशिक आजार) पेशंट ज्याचे दोन्ही हात लहानपणापासून टोचून टोचून संपलेत (गडचिरोली-नंदुरबारकडच्या सिस्टरांना हे वेगळं सांगायला नको), अशा वेळी नुसतं कुठे टोचायचं हे ठरवण्यातच जीव जातो, तिथे हे मशीन कामाला येतं.

आत काय होतं ते एकदा समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. यातून साधारण 760 ते 940 नॅनोमीटरचा इन्फ्रारेड प्रकाश पडतो, तो आपल्याला दिसत नाही. शिरेतल्या रक्तात ऑक्सिजन सोडून आलेलं हिमोग्लोबिन असतं ते हा प्रकाश शोषतं, आजूबाजूची कातडी आणि चरबी मात्र बराचसा परत फेकते, कॅमेरा हा फरक पकडतो आणि त्याच जागेवर कातडीवर चित्र पाडतो, म्हणून हिरव्या उजेडात शिरा काळ्या रेघांसारख्या दिसतात. एक्स-रेसारखं यात काही नाही, गरोदर बाईला पण चालतं. सावळ्या रंगाच्या पेशंटमध्येही चालतं, कारण कातडीचा रंग या प्रकाशाच्या फारसा आड येत नाही.

आता मर्यादा, आणि ही नीट वाचा. कातडीपासून साधारण 8 ते 10 मिलीमीटरहून जास्त खोल असलेली शीर यात दिसत नाही. दंडातली खोल शीर हवी असेल तर सोनोग्राफीच लागते, तिथे आमचं मशीन घेऊन झगडत बसू नका. अंगावर सूज असेल तर रेघ पुसट होते, जुना व्रण किंवा दाट केस असले तर नसलेली सावली पण दिसू शकते. आणि शीर किती खोल आहे हे चित्र सांगत नाही, शिवाय रेघ खऱ्या शिरेपेक्षा जाड दिसू शकते, म्हणून रेघ बघून निळी 22 नंबरची सुई उचलायची आणि शीर निघायची त्याहून बारीक, पिवळ्या 24 नंबरच्या सुईची, असं होतं.

म्हणून दिसलेल्या रेघेवर लगेच सुई नको. आधी एक बोट रेघेवर दाबून धरा, दुसऱ्या बोटाने रक्त हृदयाच्या दिशेने पुढे सारा, रेघ गायब होईल, मग खालचं बोट सोडा. झरकन परत भरली तर शीर चांगली. तशीच पुसट राहिली किंवा बोटाला दोरीसारखी कडक लागली तर ती सोडून द्या. मध्येच छोटी गाठ दिसली तर तो व्हॉल्व्ह (शिरेतली झडप) असू शकतो, ती जागा टाळून सरळ तुकडा शोधा. हे करायला दहा सेकंद लागतात पण आम्ही जिथे जिथे शिकवायला गेलो तिथे हीच पायरी सगळ्यात आधी विसरली जाते, आणि मग मशीन खोटं दाखवतं अशी तक्रार येते.

मशीन कातडीच्या बरोबर वर, सरळ धरा. तिरकं झालं की चित्र सरकतं आणि सुई शिरेच्या बाजूला जाते. जी शीर बघायची तिचं चित्र मधोमध घ्या. शक्य असेल तर स्टँड लावा, नाहीतर एका सिस्टरने मशीन धरायचं आणि दुसरीने टोचायचं, एकाच हाताने दोन्ही करायला जाऊ नका, शीर ताणून धरायला दुसरा हात लागतोच. खिडकीतलं ऊन हातावर पडत असेल तर पडदा ओढा, उन्हातही इन्फ्रारेड असतो. बाळाच्या डोक्यावरची शीर बघत असाल तर आधी डोळे झाका, आणि कुणाच्याच डोळ्यात उजेड मारू नका.

डायलिसिसचा फिस्टुला (ऑपरेशनने शीर आणि धमनी जोडलेली जागा) असलेला हात किंवा स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्यात ती बाजू, तिथे मशीनमध्ये कितीही सुंदर शीर दिसली तरी टोचायचं नाही.

टर्निकेट (हाताला आवळून बांधायचा पट्टा) मिनिटभराच्या वर ठेवू नका, त्याआधी हात खाली लोंबू द्या, कोमट कापडाने शेका, हे जुने उपाय मशीन आल्यावर पण तेवढेच लागतात. दोन प्रिक झाले आणि लागलं नाही तर दुसऱ्या सिस्टरला किंवा भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलवा. अमेरिकेतल्या इन्फ्युजन नर्सेस सोसायटीच्या (शिरेतून सलाईन-औषध देणाऱ्या नर्सेसची संस्था) मार्गदर्शनातही एका माणसाने दोनच प्रयत्न करावेत असं आहे. तिसऱ्यांदा टोचताना पोराची आई बाजूला उभी राहून रडत असते, तेव्हा हात स्थिर राहत नाही.

दर पेशंटनंतर मशीन पुसा, पण स्पिरिट थेट लेन्सवर ओतू नका, मऊ कापड ओलं करून पुसा. रात्रपाळी सुरू होताना चार्जिंग बघा. नवीन सिस्टर आल्या की फोन करा, शिकवायला आम्ही परत येतो, त्याचे पैसे घेत नाही.