जिरोनाच्या मुरमाच्या वाटा : सहलीला नाव नोंदवण्याआधी वाचा

जिरोनाच्या सहलीची चौकशी करणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "रोज किती किलोमीटर?" हायवेवर सकाळच्या गारव्यात शंभर किलोमीटर मारणाऱ्याला तो पडणं साहजिक आहे. तरी आमची विनंती अशी, की चढ किती मीटर आहे ते आधी विचारा. मुरमावरचे ४५ किलोमीटर आणि त्यात ९०० मीटर चढ, एवढ्यात धडधाकट माणसाचाही अख्खा दिवस जातो. हे मनात धरून सहल निवडलीत तर तिथला प्रत्येक दिवस आनंदात जाईल.

जिरोना स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यात, कॅटलोनियात आहे. बार्सिलोनाहून वेगवान रेल्वेने पाऊण तासाच्या आत पोचता येतं. एकीकडे पिरेनीज पर्वत, दुसरीकडे भूमध्य समुद्र आणि मधे टेकड्याच टेकड्या. जगभरचे व्यावसायिक सायकलपटू इथे घर करून राहतात आणि सराव करतात. आम्ही मात्र हे ठिकाण निवडलं ते इथे दिवसभर मागून हॉर्न ऐकू येत नाही म्हणून.

वाटांवर गाड्या का नसतात?

इथे दोन तऱ्हेच्या वाटा आहेत. पहिली जुन्या रेल्वेची. ओलोट ते जिरोना ५४ किलोमीटर आणि जिरोना ते समुद्रकाठचं सान फेलिऊ दे गिशोल्स सुमारे ४० किलोमीटर, अशा दोन छोट्या गाड्या इथे धावत. दोन रुळांमधलं अंतर जेमतेम ७५० मिलिमीटर. माथेरानची गाडी पाहिलेल्यांना अंदाज येईल, तिचं ६१० मिलिमीटर आहे. लोक या गाडीला प्रेमाने 'करिलेत' म्हणत. १९६९ मध्ये दोन्ही मार्ग बंद झाले आणि रूळ उचलले गेले, पण माती दाबून केलेला पट्टा राहिला. स्पेनमध्ये १९९३ पासून बंद पडलेल्या रेल्वेमार्गांच्या अशा 'हिरव्या वाटा' करण्याचा कार्यक्रम चालू आहे आणि देशभरात त्यांची लांबी ३,००० किलोमीटरच्या पुढे गेली आहे. वाफेच्या इंजिनाला खडा चढ झेपत नसे, म्हणून हा मार्ग डोंगराला वळसे घेत हळूहळू चढतो. त्याचा फायदा आज आपल्या गुडघ्यांना होतो.

दुसरी तऱ्हा जंगलातल्या वाटांची. जिरोनाच्या आग्नेयेला गाव्हारेस नावाच्या टेकड्या आहेत. उंची फार नाही, सर्वांत उंच माथा सुमारे ५३० मीटर. पण वाटा सतत खाली-वर करतात, आणि खरा दम तिथेच लागतो. कॅटलोनियात १९९५ च्या कायद्याने रानातल्या मोटार वाहतुकीवर निर्बंध आले, आणि कित्येक वाटांच्या तोंडाशी साखळी लावलेली असते. तरीही एखादा ट्रॅक्टर किंवा शेतकऱ्याची गाडी समोर येऊ शकते, आणि रेल्वेची वाट अधूनमधून डांबरी रस्ता ओलांडते. तिथे थांबून दोन्हीकडे बघायचंच.

वाटेवर काय दिसतं

गाव्हारेसचं जंगल बुचाच्या ओक झाडांचं आहे. बाटलीचं बूच या झाडाच्या सालीतून निघतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला कामगार कुऱ्हाडीने साल उभी चिरतात आणि पाते आत घालून तिचे अख्खे पत्रे सोडवतात. झाड मरत नाही, पुन्हा साल धरतं, आणि साधारण १२-१४ वर्षांनी पुन्हा सोललं जातं. नुकताच सोललेला बुंधा कुंकवासारखा तांबूस असतो आणि पुढे काळवंडत जातो. त्यामुळे कोणतं झाड अलीकडे सोललंय हे सायकलवरूनही कळतं. याच डोंगरावर एल्स आंजेल्स हे देवस्थान आहे. चित्रकार साल्वादोर दाली आणि त्यांची पत्नी गाला यांचं धार्मिक लग्न १९५८ मध्ये इथेच झालं.

ओलोटकडचा प्रदेश अगदी वेगळा. तिथे सुमारे ४० थंड झालेले ज्वालामुखी आहेत. क्रोस्काट हा डोंगर खाणकामात मधोमध चिरला गेला, त्यामुळे त्याच्या पोटातले काळे-तांबडे थर उघडे दिसतात. सांता मार्गारिदाच्या विवरात हिरवं कुरण आहे आणि त्यात एक छोटं प्रार्थनास्थळ. आम्ही सायकली बाहेर ठेवून तिथे चालत जातो. सह्याद्रीत भटकलेल्यांना काळा बसाल्ट ओळखीचा वाटेल. लाव्हाने घडवलेली जमीन दोन्हीकडे आहे, फक्त इथली वयाने फार लहान.

कोणती सहल कोणासाठी?

ग्रॅव्हल, म्हणजे मुरमाच्या वाटेवर सायकल, पहिल्यांदाच चालवणार असाल, सोबत आईबाबा किंवा शाळकरी मुलं असतील, तर रेल्वेची वाट घ्या. ओलोटहून निघालं की सुमारे ६०० मीटरवरच्या खिंडीपर्यंत थोडा चढ, मग जिरोनापर्यंत बहुतेक उतारच. दुसऱ्या दिवशी सान फेलिऊला समुद्र. यात कमीपणा मुळीच नाही. आमच्या मते ही या भागातली सर्वांत सुंदर दोन दिवसांची वाट आहे.

गाव्हारेससाठी मात्र तयारी हवी. निघण्याआधी दोन-तीन महिने आठवड्यातून एकदा तरी घाट चढा. पुणेकरांना बोपदेव किंवा सिंहगड आहेच. त्याहून महत्त्वाचा सराव मुरमावरच्या उताराचा. गाव्हारेसच्या काही भागात ग्रॅनाइट झिजून झालेली भरड वाळू आहे, तिला तिथे 'सावलो' म्हणतात. वळणात ब्रेक दाबला की चाक सरकतं. ब्रेक वळणाआधी, सरळ वाटेवर लावा, वजन मागे घ्या, नजर वळणाच्या पलीकडे ठेवा, आणि वळताना हात ताठ न धरता सैल ठेवा. शरद ऋतूतल्या मुसळधार पावसानंतर वाटेत ओहळाचे चर पडतात. ते आडवे ओलांडा, चराच्या कडेने चालवू नका.

आम्ही देतो त्या सायकलींना ४० ते ४५ मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर असतात. ७०-७५ किलो वजनाच्या माणसाने हवा ३०-३५ पीएसआय ठेवावी. "हवा कमी वाटते" म्हणून पंप मारू नका. टणक टायर खड्यांवरून उडतो आणि पकड जाते. गिअर इतका हलका असतो की खड्या चढावरही बसून पेडल मारता येईल.

केव्हा यायचं

एप्रिल ते जूनचा मध्य आणि सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही सहल नेत नाही, कितीही आग्रह झाला तरी. ऊन कडक असतं, झरे आटतात, आणि वणव्याचा धोका वाढला की प्रशासन जंगलात जाणंच बंद करतं. सप्टेंबरनंतर शनिवार-रविवारी रानडुकरांची हाकारून शिकार होते. वाटेवर 'बातुदा' असा फलक दिसला की पुढे जायचं नाही, वाटाड्या दुसरी वाट काढतो.

पाणी दोन बाटल्या, शिवाय पाठीवर पिशवी. जंगलात दुकान नाही. गावात जेवण दुपारी एक ते साडेतीन, रात्रीचं साडेआठनंतर, त्यामुळे सुकामेवा आणि चिक्की जवळ ठेवा. शाकाहारी मंडळींनी 'पेर्निल' हा शब्द पाठ करावा. तो म्हणजे डुकराचं मांस, आणि भाजीतही त्याचे तुकडे घालतात. टोमॅटो चोळलेला पाव आणि भाजलेली वांगी-मिरची जवळपास सगळीकडे मिळते.

कायद्याने गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे. १६ वर्षांखालच्यांना सगळीकडेच. आणीबाणीत ११२ हा क्रमांक लावा.

स्पेनला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. विमा घेताना डोंगरी सायकलिंग त्यात धरलंय का, हे लेखी विचारून घ्या. नाव नोंदवताना उंचीसोबत पायाच्या आतल्या बाजूचं माप, जांघेपासून जमिनीपर्यंत, अनवाणी उभं राहून घ्या आणि कळवा. त्यावरूनच तुमच्या मापाची सायकल राखून ठेवली जाते.