शीतगृह द्राक्षं थंड करत नाही

‘कोल्ड स्टोरेज बांधलं की माल टिकला,’ असं सर्रास बोललं जातं. पण साधं शीतगृह असतं ते आधी थंड केलेला माल थंड ठेवण्यासाठी. उन्हात तापलेली द्राक्षं वेळेत थंड करणं त्याला जमत नाही. कृषी अभियांत्रिकीच्या मुलांना हा फरक पहिल्याच वर्षी कळायला हवा. 1942 मध्ये अलाहाबादला अमेरिकी अभियंते मेसन वॉ यांनी या विषयाचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा प्रश्न नांगराचा होता. आज काढणीनंतरची नासाडीही तितकीच महत्त्वाची आहे.

तोडलेला घड जिवंत असतो. साखर जाळतो, उष्णता सोडतो. तापमान 10 अंशांनी वाढलं की श्वसन साधारण दुप्पट-तिप्पट होतं. मण्यांआधी देठ सुकून तपकिरी पडतात. म्हणून नाशिककडच्या पॅकहाउसमध्ये निर्यातीच्या मालाचं प्रीकूलिंग करतात, म्हणजे साठवण्याआधी तो झटपट थंड करतात. बॉक्सच्या दोन थप्प्या, मधे बोळ, त्यावर ताडपत्री आणि टोकाला हवा ओढणारा पंखा. बोळातला दाब उतरतो आणि थंड हवेला बॉक्सच्या भोकांतून, घडांमधूनच यावं लागतं.

इथे न्यूटनचा शीतनाचा नियम कामाला येतो. माल आणि हवा यांच्या तापमानातला फरक ठरावीक वेळात निम्मा होतो. समजा द्राक्षं 32 अंशांवर, हवा 0 वर आणि हा काळ 2 तास. मग 2 तासांनी 16, 4 तासांनी 8, 6 तासांनी 4 अंश. फरकाचा आठवा भाग उरला की सहसा थांबतात, कारण पुढचा प्रत्येक अंश महाग पडतो. हवा वाढवून वेळ वाचवावा, तर त्याच मार्गातून दुप्पट हवा ओढायला पंख्याला साधारण आठपट शक्ती लागते, आणि वेळ मात्र निम्म्यावरही येत नाही. भोकं वाढवावीत, तर पुठ्ठा दबतो; बाजूच्या साधारण 5 टक्के जागेत ती बसवतात. वीज, पुठ्ठा आणि फळ यांचा हा मेळ घालणं म्हणजेच शाश्वत अन्नोत्पादनाचं अभियांत्रिकी.

सध्या ‘एआय’चा शिक्का मारलेले सेन्सर जोरात विकले जातात. थप्पीतल्या बॉक्सची भोकं एकमेकांसमोर आली नसतील, तर कुठलाही सेन्सर हवेला वाट काढून देणार नाही.

प्रात्यक्षिकात मुलांच्या हाती सुईचा तापमापक द्यावा. तो हवेत धरायचा नाही. थप्पीच्या मधल्या बॉक्समधल्या, मधल्या घडाच्या मण्यात खुपसायचा आणि दर अर्ध्या तासाला आकडा लिहायचा.