सिझर झालंय? मग आमच्या मावशी लगेच पोटाला हात लावणार नाहीत

(बाळ-बाळंतिणीच्या घरगुती सेवेसाठी नाव नोंदवलेल्या कुटुंबांकरिता)

नाव नोंदवताना आम्ही डिलिव्हरी कशी झाली ते खोदून विचारतो. सिझर ठरवून की ऐनवेळी? चिमटा किंवा व्हॅक्यूम लावला का? टाके किती, रक्त चढवलं का? डिस्चार्ज कार्डाचा फोटोही मागतो. काहींना ही चौकशी जरा आगाऊ वाटते, पण मावशींनी काय करायचं आणि काय टाळायचं ते त्यावरच ठरतं.

मालिश आणि शेक

सिझरमध्ये पोटाचे एकाखाली एक थर कापून पुन्हा शिवलेले असतात. वरची जखम आठ-दहा दिवसांत मिटल्यासारखी दिसते, आतली भरायला साधारण सहा आठवडे जातात. त्यामुळे डॉक्टर हो म्हणेपर्यंत मावशी पोट चोळत नाहीत आणि बांधतही नाहीत. हात, खांदे, पाठ यांना हलक्या हाताने तेल लावतील, तेही बाळंतिणीला विचारून. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली, गरम लागली तर तिथे तेल अजिबात नाही. रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटू शकते. तडक हॉस्पिटल गाठा.

"आमच्या वेळी दुसऱ्या दिवसापासून रगडायचे," असं आजी म्हणतातच. खरं आहे, पण त्यांच्या पोटावर टाके नव्हते.

बंद खोलीत कोळशाची शेगडी आम्ही ठेवत नाही, बाळाला धुरीही देत नाही. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो.

पलंगावरून उठणं

पहिल्या आठवड्यात सगळ्यात अवघड काम हेच. सरळ उठून बसायला गेलं की टाक्यांत कळ येते. गुडघे दुमडा, एका कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा आणि कोपरावर भार देत उठा. मावशी पहिल्याच दिवशी हे करून घेतात. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की उशी पोटाशी घट्ट दाबून धरायची. हसू आलं तरी! (अठरा तास कळा देऊन शेवटी सिझर झालेल्या मला हे नणंदेच्या एका विनोदाने शिकवलं.) बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही; पाण्याची बादली तर नाहीच.

दूध

सिझरनंतर किंवा रक्त जास्त गेलं असेल तर दूध उतरायला तीन-चार दिवस, कधी थोडे जास्तही लागतात. तोवर घरात "हिला दूधच नाही" असं कोणी म्हणायचं नाही, ही आमची अट समजा. पहिला पिवळसर चीक थेंब-थेंबच येतो आणि पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात चमचा-दीड चमचाच मावतो. टाक्यांवर भार नको म्हणून बाळाला काखेखाली धरा, त्याचे पाय तुमच्या पाठीकडे. पुरतंय का हे कळायला सहाव्या दिवसापासून शू मोजा: २४ तासांत सहा वेळा तरी हवी. सुरुवातीला वजन थोडं घटतं, साधारण दोन आठवड्यांत भरून येतं.

घुटी, मध, साखरपाणी नको. डोळ्यात काजळ नको. नाळेला तेल-हळद नको. कोरडी ठेवली की एक-दोन आठवड्यांत आपोआप गळते. दृष्टीची तीट तळपायाला लावा, आमची हरकत नाही.

बाळ पेटीत राहून आलं असेल, वजन कमी असेल तर डॉक्टरांना विचारून त्याला उघड्या छातीशी कांगारूसारखं धरा, वरून पांघरूण. बाबांनाही जमतं. छातीवर केस असले तरी बाळाची तक्रार नसते.

खाणं

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर जरूर द्या, पण त्यावर लोहाच्या गोळ्या बंद करू नका. त्या चहा-दुधासोबत घ्यायच्या नाहीत. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी. बाळंतिणीचं पाणी तोडण्याची रीत काही घरांत अजून आहे. टाके असताना बद्धकोष्ठ झालं की काय हाल होतात ते सोसलेलीलाच माहीत. भरपूर पाणी प्यायला द्या.

रडू

पहिले दोन आठवडे कारण नसताना डोळे भरून येतात. त्यापुढेही मन उदास राहिलं, झोप उडाली, ऑपरेशन थिएटरमधला प्रसंग सारखा डोळ्यांपुढे येऊ लागला तर डॉक्टरांशी बोला. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. "बाळ सुखरूप आहे ना, मग रडतेस कशाला?" हे मात्र कृपा करून म्हणू नका.

आधी हॉस्पिटल, मग आम्हाला फोन

तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणं, १००.४ किंवा जास्त ताप, टाक्यांतून पू, अंगावरून घाण वास येणारा स्राव, दम लागणं, डोकं फुटेल असं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी. बाळाच्या बाबतीत: दूध न ओढणं, सुस्ती, अंग गार किंवा तापलेलं, श्वास घेताना छाती आत जाणं, तळहात-तळपायापर्यंत पिवळेपणा. यातलं काहीही दिसलं की सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

बारसं बाराव्या दिवशीच हवं असं नाही. बाळंतिणीला बसवेल तेव्हा, सव्वा महिन्यानंतरही करा. पाळणा सजवायला मावशी येतील; त्या दिवसाचे पैसे आम्ही घेत नाही.