स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू आला तर

मंचावर उभं राहून गाणाऱ्याची पहिली तक्रार ठरलेली असते: 'माझाच आवाज मला ऐकू येत नाही.' मोठ्या स्पीकरची तोंडं प्रेक्षकांकडे, मागे ड्रम्स, बाजूला ढोलकी. आणि पायाशी ठेवलेल्या मॉनिटरचा, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड केलेल्या स्पीकरचा, आवाज वाढवला की माईक शिट्टी मारतो. यावरचा उपाय म्हणजे इन-इअर मॉनिटर. कानात घट्ट बसणारे इअरफोन, आणि त्यांत साउंडवाल्याने ज्याला जे हवं ते पाठवायचं. १९९५ साली अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन या अमेरिकी ड्रमरसाठी त्याचा मॉनिटर इंजिनिअर जेरी हार्वे याने असे इअरफोन बनवले आणि त्यातूनच 'अल्टिमेट इअर्स' ही कंपनी उभी राहिली. मॉनिटरची चढाओढ थांबली की मंच शांत होतो, आणि आवाज बेताने ठेवला तर कानही वाचतात. ८५ डेसिबल आठ तास चालतात असं धरलं, तर दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात जेमतेम १५ मिनिटं.

अडतं ते पैशांपाशी. नावाजलेल्या कंपनीचा वायरलेस संच एका माणसासाठीच अर्ध्या लाखाच्या पुढे जातो. इकडे ब्लूटूथ इअरबड तर बँडमधल्या प्रत्येकाच्या खिशात आहेत. मिक्सरच्या ऑक्सला, म्हणजे मॉनिटरसाठीचा आवाज जिथून बाहेर निघतो त्या जोडणीला, हजार-दीड हजाराचा ब्लूटूथ ट्रान्समीटर लावला की काम झालं, असं वाटणं अगदी साहजिक आहे.

लावून बघा. आवाज छान येतो, फक्त उशिरा येतो. साध्या ब्लूटूथमध्ये, म्हणजे एसबीसी किंवा एएसी या कोडेकवर (कोडेक म्हणजे आवाज दाबून लहान करून पाठवायची पद्धत), हा उशीर साधारण १५० ते २५० मिलिसेकंदांचा असतो. द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांनी चालला असेल तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. म्हणजे तबलजीने 'धा' वाजवला की तो त्याच्या कानात जवळजवळ पुढच्या मात्रेला पोचणार.

गाणाऱ्याचे हाल याहून वाईट. बर्नार्ड ली या अमेरिकी संशोधकाने १९५० च्या सुमारास दाखवून दिलं, की बोलणाऱ्याला त्याचाच आवाज थोड्या उशिराने ऐकवला तर तो अडखळू लागतो, चक्क तोतरा होतो. हा परिणाम सर्वात जास्त होतो तो २०० मिलिसेकंदांच्या आसपास. २०१२ मध्ये दोन जपानी संशोधकांना गमतीचं इग नोबेल मिळालं, तेही याच तत्त्वावरच्या यंत्रासाठी: समोरच्याचं बोलणं ०.२ सेकंदांनी त्याच्यावरच परत फेकायचं आणि त्याला गप्प करायचं. स्वस्त ब्लूटूथ मॉनिटर नेमक्या याच आकड्यावर येऊन बसतो, हा दुर्दैवी योगायोग आहे.

उशीर येतो कुठून? कोडेकला फार दोष देता येत नाही. एसबीसीची एक चौकट, म्हणजे एका वेळी बांधला जाणारा आवाजाचा तुकडा, ३ मिलिसेकंदांचीही नसते. दोष साठ्याचा आहे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतं, जिथे वाय-फाय आहे आणि प्रेक्षकांचे शेकडो फोनही आहेत. शिवाय या लहरी पाण्यात शोषल्या जातात, आणि माणसाचं शरीर बरंचसं पाणीच. म्हणून ब्लूटूथ ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० उड्या मारत राहतं, आणि वाटेत हरवलेला तुकडा पुन्हा मागवतं. तो येईपर्यंत गाणं तुटू नये म्हणून इअरबडमध्ये आवाजाचा साठा करून ठेवतात. गच्चीवरच्या टाकीसारखं: नगरपालिकेचं पाणी थांबत-थांबत आलं तरी घरातला नळ चालू राहतो.

गाणी ऐकायला ही योजना उत्तम आहे. सिनेमा बघताना तर फोन चित्रच तेवढं मागे रोखतो आणि ओठ-आवाज जुळवून देतो. चालू मैफल मात्र रोखून धरता येत नाही.

मग किती उशीर चालतो? ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दोन मीटरवरचा साधा मॉनिटरसुद्धा ६ मिलिसेकंद उशिराच ऐकू येतो आणि कुणाची तक्रार नसते. कानात इअरफोन असले की मात्र हिशेब कडक होतो. गायकाला स्वतःचा आवाज हाडांमधून तत्क्षणी मिळत असतो. त्यावर तोच आवाज १ मिलिसेकंदाने आला तरी ५०० हर्ट्‌झच्या आसपास दोन्ही एकमेकांना खोडतात आणि गळा पोकळ वाटतो. त्यामुळे गायक आणि सॅक्सोफोनवाले फार चोखंदळ. कीबोर्डवाला त्यामानाने जास्त सोसतो. सगळं धरून १० मिलिसेकंदांच्या आत राहावं, असा माझा कौल.

या कसोटीवर सुधारित ब्लूटूथही अजून काठावर आहे. अ‍ॅपटीएक्स लो लेटन्सी हा कमी उशिराचा कोडेक ४० मिलिसेकंदांपर्यंत उतरतो, पण ट्रान्समीटर आणि इअरफोन दोन्हींत तो हवा. एकाकडे नसेल तर जोडणी गुपचूप एसबीसीवर येते आणि डब्यावरचा आकडा डब्यावरच राहतो. २०२० पासून आलेल्या एलई ऑडिओ या ब्लूटूथच्या नव्या पद्धतीतला एलसी३ कोडेक १० मिलिसेकंदांच्या चौकटी वापरतो. सगळी साखळी धरली तर २०-३० मिलिसेकंद, तेही सगळं जमून आलं तर. त्यातल्या ऑराकास्टमुळे एकाच ट्रान्समीटरवरून हवे तितके जण ऐकू शकतात. बँडसाठी मला यात सर्वात जास्त आशा दिसते, पण आजच्या तारखेला ती आशाच.

तरीही ब्लूटूथ मंचावरून पूर्ण हद्दपार करायची गरज नाही. उशीर नडतो तो स्वतःचा आवाज त्यातून येतो तेव्हा. ड्रमरच्या कानात फोनवरचा क्लिक (लय धरायची टिकटिक) एकट्यालाच जात असेल, तर तो २०० मिलिसेकंद उशिरा आला काय आणि लगेच आला काय. तो क्लिक दुसऱ्या कुणी ऐकलेलाच नाही. रियाझाला तानपुऱ्याचं अ‍ॅप ब्लूटूथ स्पीकरवर लावलं तरी बिघडत नाही. फक्त तोच क्लिक दोघांना दोन वेगळ्या कंपन्यांच्या इअरबडवर देऊ नका. प्रत्येकाचा साठा वेगळा, आणि दोघेही शपथेवर सांगतील की चुकतोय तो दुसरा.

स्वस्तात काम भागवायचं तर आधी वायरकडे बघा. कमरेला लावायचा छोटा हेडफोन अ‍ॅम्प काही हजारांत येतो आणि त्याला उशीर नावाचा प्रकारच नाही. तबलजी, पेटीवाला, ड्रमर बसूनच वाजवतात. त्यांना वायरचा काय त्रास? कीर्तनकार किंवा ऑर्केस्ट्राचा गायक फिरतो, त्याच्यासाठी २.४ गिगाहर्ट्‌झचेच पण ब्लूटूथ नसलेले संच मिळतात. एक्सवाइव्हचा यू४ हा त्यांतला एक, कंपनी ५ मिलिसेकंदांहून कमी उशीर सांगते. साठा अगदी छोटा ठेवल्यामुळे हे जमतं; बदल्यात गर्दीच्या हॉलमध्ये आवाज मध्येच तुटण्याचा धोका पत्करावा लागतो.

काहीही घ्या, पैसे देण्याआधी मोजून बघा. माईकसमोर दोन काठ्या एकमेकींवर आपटा. शेजारी दुसरा फोन रेकॉर्डिंगला लावा आणि इअरबड त्याच्या माईकला चिकटवा. रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडलं की दोन टोकं दिसतील: एक काठ्यांचं, एक इअरबडचं. त्यांच्यातलं अंतर मिलिसेकंदांत मोजा, आणि मोजताना हॉलमधलं वाय-फाय चालूच ठेवा.