मर्यादा दहाचीच का?

पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपण कोडमध्ये केलेला बदल स्वीकारण्याची विनंती, टाकली की काही मिनिटांत कोड तपासणाऱ्या टूलचा शेरा येतो: या फंक्शनची (एक ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या भागाची) गुंतागुंत १४ आहे, मर्यादा १० ची. बहुतेक जण फंक्शनचे दोन तुकडे करतात, शेरा नाहीसा होतो आणि काम पुढे सरकते. हा १० आला कुठून, हे सहसा कोणी विचारत नाही.

तो आला १९७६ मधून. त्या वर्षी थॉमस मॅककेब यांनी प्रोग्रामकडे आलेख, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, म्हणून पाहिले आणि त्यातून जाणाऱ्या स्वतंत्र वाटा मोजल्या. प्रत्येक ‘इफ’ (अट), प्रत्येक लूप (पुन्हा पुन्हा चालणारा भाग) एकेक वाट वाढवतो. या मोजणीला सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी म्हणतात. मॅककेब यांच्यासमोरचा प्रश्न व्यवहाराचा होता: एखाद्या मॉड्यूलची, म्हणजे प्रोग्रामच्या एका स्वतंत्र भागाची, चाचणी घ्यायची तर किती वाटा तपासाव्या लागतील? दहा ही मर्यादा ठीक वाटते, पण त्यात जादू काही नाही, असे त्यांनीच नमूद केले होते. पुढे ती टूल्सच्या सेटिंग्जमध्ये जाऊन बसली आणि तिच्यासोबतची ही कबुली मागेच राहिली.

मोजमापाची गरज त्याच काळात का भासली, हेही पाहायला हवे. १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश इथे ‘नाटो’ने भरवलेल्या परिषदेत सॉफ्टवेअर हाताबाहेर चालल्याची चिंता उघडपणे मांडली गेली. पुढच्या दशकात मेइर लेहमन आणि लाझ्लो बेलाडी यांनी आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एकामागून एक आवृत्त्या तपासल्या. वापरात असलेली प्रणाली सतत बदलावी लागते, आणि मुद्दाम आवरण्याचे कष्ट घेतले नाहीत तर प्रत्येक बदलागणिक तिची गुंतागुंत वाढत जाते, हा त्यांचा निष्कर्ष. १९८० मध्ये लिएंट्झ आणि स्वॅन्सन यांनी ४८७ संस्थांची पाहणी प्रसिद्ध केली. देखभाल म्हणजे बग (कोडमधल्या चुका) काढणे, हा समज तिने मोडला. देखभालीचा सर्वांत मोठा वाटा वापरणाऱ्यांच्या नव्या मागण्या पुऱ्या करण्यात आणि आहे ते सुधारण्यात जात होता. म्हणजे ज्या कोडमध्ये एकही बग नाही, तोही महागात पडू शकतो.

माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत नेमका विचार मात्र मॅककेब यांच्या चार वर्षे आधीच, १९७२ मध्ये, डेव्हिड पार्नास यांनी मांडून ठेवला होता. त्यांनी उदाहरण घेतले अगदी छोटे. काही ओळी वाचायच्या, प्रत्येक ओळीतला पहिला शब्द उचलून शेवटी न्यायचा, असे करत प्रत्येक शब्दाला पहिल्या जागेचा मान द्यायचा आणि तयार झालेल्या सगळ्या ओळी वर्णानुक्रमे लावायच्या. हा प्रोग्राम त्यांनी दोन प्रकारे विभागला. एका विभागणीत कामाच्या पायऱ्यांप्रमाणे मॉड्यूल्स: वाचन, फिरवणे, लावणे, छापणे. दुसऱ्या विभागणीत प्रत्येक मॉड्यूल एकेक निर्णय स्वतःच्या पोटात ठेवते. ओळी मेमरीत कशा साठवल्या आहेत, हे एकाच मॉड्यूलला ठाऊक. दोन्ही प्रोग्राम चालतात, उत्तर तेच देतात. मग पार्नास यांनी पुढे होऊ शकणाऱ्या बदलांची यादी समोर ठेवली. साठवण्याची पद्धत बदलायची झाली, तर पहिल्या विभागणीत जवळजवळ प्रत्येक मॉड्यूल उघडावे लागते, दुसऱ्या विभागणीत एकच.

दोन्ही प्रोग्राम निव्वळ वाचून हा फरक सहजी दिसत नाही. काय बदलणार आहे हे विचारल्यावरच तो दिसतो. आणि नेमका हाच प्रश्न पुढची बरीच वर्षे टूल्सनी विचारला नाही, कारण आहे तो कोड मोजणे कितीतरी सोपे होते.

त्या सोप्या वाटेवर उपयोगी गोष्टीही घडल्या. बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी ‘लिंट’ लिहिले. नाव कपड्याला चिकटणाऱ्या तंतूंवरून घेतलेले, आणि काम तसेच: कंपायलरने (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने) सोडून दिलेले संशयास्पद बारकावे टिपायचे. आज प्रत्येक भाषेला आपापले लिंटर आहे. अशा सूचनांकडे तुच्छतेने पाहणाऱ्यांनी २०१४ मधला अॅपलचा बग आठवावा. ‘गोटू फेल’, म्हणजे पुढचे सोडून थेट शेवटाकडे जा, ही ओळ चुकून दोनदा पडली, दुसरी कोणत्याही अटीशिवाय चालू लागली आणि सुरक्षित जोडणीतली डिजिटल सहीची तपासणीच टळली. त्या ओळीखालच्या कोडपर्यंत कधीच पोहोचता येत नव्हते. असा कोड दाखवून देणारी सूचना कंपायलरमध्ये होती, पण ती वेगळी चालू करावी लागे.

आकड्यांच्या हौसेने कळस गाठला तो मेंटेनेबिलिटी इंडेक्समध्ये. १९९२ मध्ये पॉल ओमन आणि जॅक हेगमायस्टर यांनी गुंतागुंत, ओळींची संख्या आणि हॉलस्टेड यांचे ‘आकारमान’ (कोडमधली चिन्हे आणि नावे मोजून काढलेला आकडा) एका सूत्रात गुंफले. सूत्र १७१ पासून सुरू होते आणि त्यातून वजाबाकी होत जाते. प्रत्यक्षातल्या प्रणालींबद्दल अभियंत्यांनी दिलेल्या मतांशी जुळवून त्यातले गुणक ठरले होते. पुढे मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल स्टुडिओमध्ये तेच ० ते १०० च्या पट्टीवर आणले: २० पासून पुढे हिरवा, १० ते १९ पिवळा, त्याखाली लाल. आपला कोड हिरवा आहे म्हणून निश्चिंत असणाऱ्याने ही पट्टी किती सैल आहे ते एकदा पाहावे. शिवाय आकडा ३४ वरून ३१ वर घसरला, तर नेमके दुरुस्त काय करायचे, हे तो सांगत नाही.

दुरुस्तीची भाषा दुसरीकडून आली. १९९२ मध्येच वॉर्ड कनिंगहॅम यांनी एका आर्थिक सॉफ्टवेअरच्या अनुभवावरून कर्जाची उपमा दिली; टेक्निकल डेट ती हीच. घाईत गचाळ लिहा आणि नंतर निस्तरा, असा तिचा अर्थ आज सर्रास लावला जातो. कनिंगहॅम यांना तो मान्य नव्हता. आज जेवढे समजले आहे तेवढ्यावर नीट लिहायचे आणि समज वाढली की कोड तिच्याशी जुळवून घ्यायचा, असे त्यांचे म्हणणे. जुळवायचे कसे, यावर त्याच वर्षी विल्यम ओपडाइक यांचा इलिनॉय विद्यापीठातला प्रबंध आला: प्रोग्रामचे वर्तन न बदलता रचना बदलायची, छोट्या आणि पडताळता येणाऱ्या पावलांनी. या रीफॅक्टरिंगला घरोघरी नेले ते १९९९ मध्ये मार्टिन फाउलर यांच्या पुस्तकाने. त्यातल्या ‘कोड स्मेल’ या केंट बेक यांच्या शब्दाने आकड्यांना बगल दिली. वास येतो म्हणजे काहीतरी बिघडले असेलच असे नाही, पण झाकण उघडून पाहायला हवे.

मग झाकणे उघडायची तरी किती? मोठ्या कोडबेसवर टूल पहिल्यांदा चालवले की हजारो शेरे येतात आणि टीम ते सगळेच दुर्लक्षित करते. इथे पार्नास यांचा ‘काय बदलणार?’ हा प्रश्न परत येतो, फक्त या वेळी भविष्याऐवजी भूतकाळाला विचारलेला. १९९८ मध्ये हाराल्ड गाल आणि सहकाऱ्यांनी दूरसंचार स्विचिंगच्या एका प्रणालीच्या आवृत्त्यांचा इतिहास तपासून कोणती मॉड्यूल्स वारंवार एकत्र बदलतात ते शोधले. एकमेकांना कुठेही हाक न मारणारे, म्हणजे एकमेकांचा कोड न वापरणारे, भागही असे बांधलेले सापडू शकतात. आज त्यासाठी गिटचा, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीचा, लॉग पुरतो. प्रत्येक फाइल वर्षभरात किती कमिट्समध्ये (नोंदवलेल्या बदलांमध्ये) आली ते मोजायचे, तो आकडा तिच्या गुंतागुंतीशेजारी ठेवायचा आणि दोन्हीकडे वर असलेल्या मूठभर फाइल्सपासून सुरुवात करायची. चार वर्षांत कोणी न उघडलेले, गुंतागुंत ४० असलेले फंक्शन तूर्त तसेच राहिले तरी चालते.