विद्युतचुंबकीय तरंग

बदलते विद्युत क्षेत्र चुंबकीय क्षेत्र निर्माण करते आणि बदलते चुंबकीय क्षेत्र विद्युत क्षेत्र निर्माण करते. या परस्परनिर्मितीतून अवकाशात पुढे सरकणारा जो क्षोभ तयार होतो, तो विद्युतचुंबकीय तरंग. त्याचा उगम प्रवेगित विद्युत भारात असतो. स्थिर भार किंवा एकसमान वेगाने निर्वातातून जाणारा भार तरंग सोडत नाही. भाराचा वेग बदलावा लागतो. प्रक्षेपकाच्या अँटेनात इलेक्ट्रॉन पुढेमागे हलवतात, ते यासाठीच.

जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सिद्धांतात या तरंगांचा वेग केवळ विद्युत व चुंबकीय मापनांवरून काढला होता. तो प्रकाशाच्या मोजलेल्या वेगाशी इतका जुळला, की प्रकाश हाही याच जातीचा तरंग असला पाहिजे असा निष्कर्ष निघाला. हाइनरिख हर्ट्‌झ यांनी १८८७-८८ मध्ये ठिणग्यांच्या साहाय्याने असे तरंग प्रयोगशाळेत निर्माण करून त्यांचे परावर्तन, अपवर्तन व ध्रुवण (दोलने एकाच ठरावीक दिशेत असणे) दाखवले.

हे अवतरंग आहेत: विद्युत क्षेत्र, चुंबकीय क्षेत्र आणि प्रसाराची दिशा या तिन्ही परस्परांना लंब असतात. ध्रुवण शक्य होते ते याचमुळे. ध्वनीसारख्या अनुतरंगांचे, म्हणजे प्रसाराच्या दिशेतच दोलन होणाऱ्या तरंगांचे, ध्रुवण होत नाही. क्षेत्रे एकमेकांना जन्म देतात म्हटल्यावर, एक शिखरावर असताना दुसरे शून्य असेल, अशी समजूत विद्यार्थ्यांत हमखास आढळते. ती चुकीची आहे. निर्वातातील प्रगामी तरंगात दोन्ही क्षेत्रे समकलेत असतात, म्हणजे एकाच क्षणी शिखर गाठतात व एकाच क्षणी शून्य होतात. त्यांच्या मूल्यांचे गुणोत्तर प्रकाशाच्या वेगाइतके असते. त्यामुळे चुंबकीय क्षेत्राचा आकडा अगदी लहान दिसतो, तरी ऊर्जेत दोघांचा वाटा निम्मा-निम्मा असतो.

या तरंगांना माध्यम लागत नाही. हे पचायला एकोणिसाव्या शतकातील भौतिकशास्त्राला बराच वेळ लागला, आणि ‘ईथर’ नावाचे काल्पनिक माध्यम शोधण्यात मोठी बुद्धिमत्ता खर्ची पडली. निर्वातात सर्व विद्युतचुंबकीय तरंगांचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर असतो. हा आकडा आता मोजला जात नाही. १९८३ पासून मीटरची व्याख्याच त्यावर आधारलेली आहे.

वारंवारता व तरंगलांबी यांचा गुणाकार म्हणजे वेग. १०० मेगाहर्ट्‌झच्या रेडिओ तरंगाची लांबी सुमारे ३ मीटर भरते, तर दृश्य प्रकाशाची साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. रेडिओ, सूक्ष्मतरंग, अवरक्त, दृश्य, अतिनील, क्ष-किरण आणि गॅमा किरण हे भेद वारंवारतेचे आहेत आणि त्यांच्या सीमा सोयीने ठरवलेल्या आहेत. काचेत शिरताना प्रकाशाचा वेग व तरंगलांबी घटते, पण वारंवारता तीच राहते. म्हणून तरंगाची खरी ओळख वारंवारतेवरून करावी.

तरंग ऊर्जेबरोबर संवेगही वाहतो, त्यामुळे ज्या पृष्ठावर पडतो त्याला किंचित ढकलतो. पृथ्वीच्या अंतरावर सूर्यप्रकाशाचा हा दाब, प्रकाश पूर्ण शोषला गेल्यास, चौरस मीटरला जेमतेम ४.५ मायक्रोन्यूटन असतो. प्योत्र लेबेदेव यांनी प्रकाशाच्या दाबाचे मापन १९०१ मध्ये प्रसिद्ध केले, आणि २०१० मध्ये जपानच्या इकॅरोस यानाने याच दाबावर आपले शीड चालवून दाखवले.