वुडी: सुतारांनी बांधलेली अमेरिकन मोटार

1941 ची क्रायस्लर 'टाऊन अँड कंट्री' स्टेशन वॅगन, म्हणजे मागे माणसं-सामानाला लांब जागा असलेली मोटार, दुरुस्तीला आली, की पहिलं बोलावणं मेकॅनिकला जात नाही, सुताराला जातं. इंजिन, गिअर, ब्रेक सगळं थांबू शकतं. आधी गुडघे टेकून दरवाज्याच्या उभ्या पट्टीचं खालचं टोक बघायचं. तिथे स्क्रूभोवती रुपयाएवढं काळं वर्तुळ असतं. पावसाचं पाणी काचेच्या खाचेतून आत उतरतं, पट्टीच्या तळाशी साचतं आणि लोखंडाच्या स्क्रूच्या संगतीनं लाकूड काळवंडतं. पटाशीचं टोक त्या वर्तुळात हलकंच दाबून पाहायचं. टणक लागलं तर डाग फक्त रंगाचा आहे, ऑक्झॅलिक ॲसिडनं उतरतो. टोक लोण्यात रुतल्यासारखं आत गेलं तर पट्टी गेली. आणि पट्टी गेली म्हणजे दरवाजाच गेला, कारण या दरवाज्याला आतून पोलादाचा सांगाडा नाही. बिजागरी, कुलूप, काच या सगळ्याचा भार लाकडावरच आहे.

या गाड्यांना अमेरिकेत 'वुडी' म्हणतात. पुढे कित्येक वर्षं अमेरिकन वॅगनच्या अंगावर लाकडाच्या चित्राचे कागद चिकटवले गेले, त्यामुळे लाकूड ही नुसती सजावट होती असं अनेकांना वाटतं. खऱ्या वुडीत लाकूड काढून घेतलं तर मागे चासी (चाकांवरचा खालचा सांगाडा), बॉनेट आणि मडगार्ड एवढंच उरतं. अशी गाडी पूर्वीसारखी करायची की तिच्यात नवं इंजिन बसवायचं, या वादात पडण्याआधी ती अशी का बांधली गेली हे माहीत हवं.

'स्टेशन वॅगन'मधलं स्टेशन म्हणजे रेल्वे स्टेशन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतली हॉटेलं आणि बडे बंगलेवाले आपली माणसं व सामान आणायला स्टेशनवर गाडी पाठवत. तिला 'डेपो हॅक' म्हणत. आधी घोड्याची, मग मोटारीची. फोर्डची मॉडेल टी आली, तेव्हा तिची नुसती चासी विकत मिळायची. गावोगावचे वॅगन बांधणारे त्या चासीवर लाकडी बाकं आणि छप्पर उभारून देत. बाजूंना भिंती नसायच्या, पावसात कापडी पडदे सोडायचे. घोडागाड्या बांधणारे हेच कारागीर, त्यांची हत्यारंही तीच. लाकूड निवडायचा प्रश्नच नव्हता, त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. शिवाय थोड्या संख्येच्या गाडीसाठी पोलादी पत्रा दाबायचे महागडे साचे करणं कुणालाच परवडलं नसतं. पुढची तीसेक वर्षं हा हिशेब टिकला.

मोटार कंपनीनं स्वतःच्या यादीत पहिल्यांदा स्टेशन वॅगन आणली ती 1923 मध्ये, ड्युरंट मोटर्सच्या 'स्टार' या स्वस्त गाडीच्या रूपात. जनरल मोटर्स उभी करून तिथूनच बाहेर पडावं लागलेल्या विल्यम ड्युरंटची ही नवी कंपनी. पण वुडीला खरा आकार दिला तो हेन्री फोर्डनं, आणि तोही जंगल विकत घेऊन.

फोर्डला टायरपासून काचेपर्यंत सगळं स्वतःच्या हातात हवं असे. मॉडेल टीच्या पोलादी दिसणाऱ्या बॉडीच्या आतही बरंच लाकूड लागायचं. त्यासाठी त्यानं 1920 च्या सुमारास मिशिगनच्या उत्तरेकडच्या भागात तीन लाख एकरांहून जास्त जंगल घेतलं आणि आयर्न माउंटन या गावाजवळ प्रचंड आरागिरणी उभी केली. या व्यवहारात एडवर्ड किंग्सफोर्ड हा त्याच्या नात्यातल्या बहिणीचा नवरा पुढे होता, म्हणून कारखान्याभोवती वसलेल्या गावाला किंग्सफोर्ड हेच नाव पडलं. कापलेल्या लाकडाचे तुकडे आणि भुसा वाया जाऊ नये म्हणून तिथे दाबून कोळशाच्या वड्या पाडायला सुरुवात झाली. आज अमेरिकन घराच्या अंगणात मांस भाजताना जो किंग्सफोर्ड कोळसा पेटतो, तो याच उद्योगाचा वंशज आहे.

1929 मध्ये मॉडेल एची स्टेशन वॅगन फोर्डनं स्वतःच्या नावानं विकायला काढली. चौकटीला मेपल, मधल्या फळ्यांना प्लायवुड. लाकूड आयर्न माउंटनचं, बॉडी जुळवायच्या बाहेरच्या कारखान्यांनी. 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात ते कामही आयर्न माउंटनला आलं आणि झाड तोडण्यापासून वॉर्निश मारण्यापर्यंतची सगळी साखळी एका जागी जुळली. महायुद्धात याच कारखान्यानं लष्करासाठी सीजी-4ए जातीची ग्लायडर, म्हणजे लाकडी पंखांची बिनइंजिनाची विमानं बांधली, तब्बल 4,190. दुसऱ्या कुठल्याही कारखान्याला एवढी जमली नाहीत. मोटारीचे दरवाजे जोडणारे हात सैनिक वाहून नेणारी विमानं जोडत होते, यावरून तिथल्या सुतारकामाची पत कळावी. जुन्या फोर्ड वुडीच्या कोपऱ्यातला सांधा पाहिला की तेच जाणवतं. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तशा दातांचा तो सांधा असतो. सरस धरायला जागा भरपूर मिळते आणि खड्ड्यातून जाताना चौकट थोडी पिळली तरी सांधा सुटत नाही.

फोर्डची वॅगन कामाची गाडी होती. क्रायस्लरची टाऊन अँड कंट्री मात्र पहिल्यापासून देखणी. तिच्यामागे डेव्हिड वॉलेस हा क्रायस्लर विभागाचा अध्यक्ष होता. त्याच्याकडे अर्कान्सासमधल्या हेलेना इथल्या पेकिन वूड प्रॉडक्ट्स या कंपनीचीही सूत्रं होती, म्हणजे मोटार आणि लाकूड दोन्ही त्याच्या घरचं. तोवरच्या वॅगन मागून चौकोनी खोक्यासारख्या असत, छप्पर कापडी आणि गळकं. वॉलेसच्या गाडीला कंपनीच्या मोठ्या सेडानचं पोलादी छप्पर मिळालं आणि त्या छपराचा उतार खाली नेता नेता मागची बाजू पिंपासारखी फुगीर झाली. म्हणून तिला 'बॅरल बॅक' म्हणतात. मागे दोन वक्र दारं, कपाटासारखी दोन्हीकडे उघडणारी. चौकट पांढऱ्या ॲश झाडाच्या लाकडाची, फिकट पिवळसर. फळ्या होंडुरास मॅहॉगनीच्या, गडद तांबूस. आत नऊ माणसांची सोय. 1941 मध्ये अशा साधारण हजारभर गाड्या निघाल्या आणि 1942 साठीही तेवढ्याच. फेब्रुवारी 1942 मध्ये युद्धामुळे अमेरिकेत खासगी मोटारींचं उत्पादनच थांबलं. युद्धानंतर टाऊन अँड कंट्री हे नाव परतलं ते लाकूड जडवलेल्या सेडान आणि कन्व्हर्टिबलवर. ती पिंपासारखी वॅगन पुन्हा झाली नाही.

माझ्या मते ही सगळ्यांत सुंदर वुडी, आणि दुरुस्तीला सगळ्यांत अवघडही. तिच्या मागच्या दारात एकही सरळ रेषा नाही. चौकटीचा प्रत्येक तुकडा जाड ओंडक्यातून दोन दिशांनी वक्र कापावा लागतो, आणि तो कापताना लाकडाच्या रेषा वक्रासोबत धावल्या पाहिजेत. आडव्या गेल्या तर बिजागरीच्या जोरानं तुकडा तिथेच चिरतो. त्यात बॉडी हातानं जुळवलेली. एका गाडीचं दार उचलून दुसऱ्या गाडीला लावलं तर ते नीट बसेलच असं नाही.

लाकूड मागे पडलं ते खर्चानं आणि देखभालीनं. वॉर्निश नियमित नवं करा, असं कंपन्याच मालकांना बजावत. लोक ते टाळत आणि दोन-चार हिवाळ्यांत सांधे कुरकुरायला लागत. 1946 मध्ये विलीज कंपनीनं ब्रूक्स स्टीव्हन्स या डिझायनरकडून पूर्ण पोलादी स्टेशन वॅगन आखून घेतली. (याच विलीजच्या जीप थोड्याच वर्षांत महिंद्रांनी मुंबईत जुळवायला घेतल्या.) गंमत बघा, पोलादी असूनही तिच्या बाजूंवर लाकडी फळ्यांचा भास होईल असे रंग दिले होते. गिऱ्हाइकाच्या मनात वॅगन म्हणजे लाकूड हे इतकं पक्कं बसलं होतं. 1949 मध्ये प्लिमथनं पोलादी 'सबर्बन' आणली आणि शेवरलेनं त्याच वर्षाच्या मध्यात लाकूड सोडून पोलाद धरलं. फोर्डच्या 1949 च्या वॅगनलाही पोलादी छप्पर आणि सांगाडा आला, लाकूड त्यावर चढवलेलं. आयर्न माउंटनचा कारखाना 1951 मध्ये बंद झाला. मोठ्या कंपन्यांतली शेवटची खरी वुडी ब्युइकची, 1953 ची. त्या वर्षी 'रोडमास्टर इस्टेट' वॅगन फक्त 670 निघाल्या, ब्युइकच्या पहिल्या व्ही-8 (आठ सिलिंडर व्ही आकारात मांडलेल्या) इंजिनासह. त्यानंतर फायबरग्लासच्या पट्ट्या आणि चिकटवायचे कागद.

1950 च्या दशकात जुन्या वुडी कवडीमोलानं मिळायच्या. वॉर्निश उडालेलं, छप्पर फाटलेलं, अशी गाडी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या सर्फिंग करणाऱ्या पोरांना परवडे. नऊ-दहा फुटांची फळी आत सरकवायची, रात्री तिथेच झोपायचं. वुडी म्हटलं की आज समुद्र डोळ्यांसमोर येतो तो या पोरांमुळे. सॅन दिएगोजवळच्या एन्सिनिटासला किनाऱ्यालगत वुडींचा मोठा मेळावा भरतो. पण हेही खरं, की खारा वारा आणि ओली वाळू यांनी असंख्य गाड्यांचं लाकूड त्याच वर्षांत खाल्लं.

गाडीत बदल करण्याची परंपराही त्याच किनाऱ्यावरची. जुन्या फोर्डच्या व्ही-8 मध्ये धूर बाहेर नेणारे मार्ग सिलिंडरच्या ब्लॉकमधूनच जातात, म्हणून इंजिन लवकर तापतं. 1955 मध्ये शेवरलेचा हलका छोटा व्ही-8 आला आणि मुलांनी तो थेट फोर्डच्या वुडीत उतरवला. आजही बदललेल्या अनेक वुडींत त्याच घराण्याचं 350 घनइंची इंजिन दिसतं. सोबत 12 व्होल्टची वायरिंग, पुढे डिस्क ब्रेक. ब्रेक आणि वायरिंगला माझा अजिबात विरोध नाही. मुलाबाळांना घेऊन महामार्गावर जायचं असेल तर ते करावंच. इंजिनाबाबत मात्र मी अडतो. फोर्डच्या युद्धानंतरच्या 239 घनइंची इंजिनाची ताकद 100 अश्वशक्ती, आणि लाकडी चौकट त्या बेतानं बांधलेली. तिप्पट जोर दिला की चासी पिळते, आणि ती पिळ पोलाद सोसतं तशी लाकूड सोसत नाही. आधी दार घासायला लागतं, मग सांध्यातल्या वॉर्निशवर केसाएवढी चीर दिसते, आणि त्या चिरेतून पाणी पुन्हा आत शिरतं. मोठं इंजिन घालायचंच असेल तर आधी चासी मजबूत करावी. उलट क्रमानं केलेलं काम मी कधी टिकलेलं पाहिलेलं नाही.

जी गाडी मुळासारखी करायची, तिचा प्रश्न लाकूड किती ठेवायचं हा. सगळं नवं केलं तर गाडी चकचकीत होते, पण मग 1941 चं तिच्यात काय राहिलं? म्हणून जाणते लोक कुजलेलं टोक तेवढंच तिरकं कापतात, त्याच रेषांचा नवा तुकडा लांब तिरक्या सांध्यानं जोडतात, ठिसूळ जागी पातळ इपॉक्सी मुरवतात. मॅहॉगनीचा घोर वेगळाच. होंडुरास मॅहॉगनीच्या व्यापारावर 2003 पासून आंतरराष्ट्रीय परवान्याचं बंधन आहे, त्यामुळे रंगाला रंग जुळणारी फळी मिळवायला कधी कधी वर्ष जातं.

मग वॉर्निश. बोटींसाठी वापरतात ते, आठ-दहा हात, दोन हातांच्या मध्ये एक दिवस वाळवण आणि बारीक पॉलिश पेपर. फळीच्या तोंडावरचा भाग सगळ्यांत जास्त पितो, म्हणून दार चौकटीत बसवण्याआधी ते उलटं करून त्याच्या तळाला आणखी तीन हात द्यायचे. काढलेले कुजके तुकडे मात्र टाकायचे नाहीत. ते क्रमांक घालून, सुतळीनं बांधून माळ्यावर ठेवायचे. पुढच्या माणसाला त्या वक्राचं माप त्यांच्याखेरीज कुठेच मिळणार नाही.